तिसऱ्या मजल्यावर थांबलेला पॅगोडा

नवागाम, सुरत
३ फेब्रुवारी १९९८

प्रदीपच्या बाबांना काशीबाईचा जयभीम.

तुमचा मोठा रंधा, दोन पटाश्या आणि चष्म्याचं घर इथंच राहिलंय. चष्मा नेलात, घर विसरलात. रागारागाने निघालं की असंच होतं. भिकन पुढल्या आठवड्यात गावी जाणार आहे, त्याच्याबरोबर पाठवू का ते कळवा. नाही कळवलंत तर इथंच राहू देत, मला काही जड नाहीत.

हे पत्र तुम्हाला बोलवायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते. विहाराचं उद्घाटन बुद्ध पौर्णिमेला धरलंय, अकरा मेला, तेवढं कळवायचं होतं. भन्तेजी येणार आहेत. यायचं तर या. कमिटीचा सुकदेव म्हणतो, चंदूकाकांशिवाय दारं-खिडक्या अडल्या आहेत. मी म्हटलं, मग दुसरा सुतार बघा. तो म्हणाला, काकू, तुम्ही कमिटीतल्या बाई असून असं कसं बोलता? मी म्हटलं, तोंडाने बोलते.

तुम्ही तिकडे गावी सुपडूभाऊजींना काय सांगितलंय कोण जाणे. इकडे मात्र सगळ्या नवागामात एकच गोष्ट फिरते आहे, की काशीबाईने भर मीटिंगमध्ये नवऱ्याच्या विरोधात हात वर केला आणि नवरा दुसऱ्या दिवशी पहाटे उधन्याहून भुसावळ पॅसेंजर धरून निघून गेला. गोष्ट खरी आहे. मी कुठं नाही म्हणते? पण लोक अर्धीच सांगतात. विहाराच्या गच्चीवर जागा एकच. तिथं एक तर तुमचा लाकडी पॅगोडा बसेल, नाही तर पोरांना अभ्यासाला एक खोली होईल. खोलीवर पत्रेच पडणार, त्या पत्र्यावर पॅगोडा बसत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग पोरांनी कुठं बसायचं? आपल्या चाळीत डाव्या हाताला लूमचं खातं, उजव्या हाताला लूमचं खातं. दिवसपाळी संपली की रातपाळी, मागांचा खडखडाट काही थांबत नाही. आपल्या राखीने बारावीचा अभ्यास कानात कापूस घालून केला, तो तुमच्याच डोळ्यांसमोर ना? म्हणून केला हात वर. तो काही मी अजून खाली घेतलेला नाही.

तुमच्या पॅगोड्याचे तीन मजले बाहेरच्या खोलीत आहेत तसेच आहेत. आठ कोपऱ्यांचं ते धूड अर्धी खोली अडवून बसलंय, पाय ठेवायला जागा नाही. मी त्यावर जुनी साडी टाकून ठेवली आहे.

तब्येत बरी आहे.

काशीबाई

*

नवागाम
१ मार्च १९९८

प्रदीपच्या बाबांना जयभीम.

भिकन आला. हत्यारं पोचली म्हणाला. बदल्यात तुमचं गाठोडं दिलं त्याने. मला वाटलं, निदान दोन ओळींची चिठ्ठी तरी असेल. गमछा सोडला तर आत लाकडं! चार पंजे, पॅगोड्याच्या खांबांवर बसतात ते. निंबाचे दिसतात. अहो, बायकोला कुणी लाकडं पाठवतं का? शेजारची मंगलाबाई दारातच उभी होती, ती पोट धरून हसली. म्हणे, "काशीबाय, तुना माणूस भलता शे. राग बी पाठाडी देस तो गमछामा बांधीसन."

पण काम साफ आहे, तेवढं म्हणते. खाच कुठंही वाकडी नाही. मी एक पंजा उचलून तिसऱ्या मजल्याच्या एका खांबावर ठेवून बघितला, तर चपखल बसला. मग बाकीचे तीनही बसवले. साडी त्यासाठीच काढली होती. पुन्हा टाकली.

आता तुमच्या त्या चीनबद्दल. तुम्ही मासिकातला फोटो भिंतीला चिकटवून वर्षभर सगळ्यांना सांगत होतात, 'यिंगशियानचा लाकडी पॅगोडा, पाच मजली, एक खिळा नाही.' आम्ही ऐकायचो. मी तर निम्मं ऐकायचे, खरं सांगायचं तर. परवा राखी कॉलेजच्या लायब्ररीतून जाड पुस्तक घेऊन आली. इंग्रजीत आहे. मी भाकरी थापत होते आणि ती वाचून मराठीत सांगत होती. मी काही तिला आण म्हटलं नव्हतं. विषय निघाला म्हणून आणलं तिने.

तर ऐका. पॅगोडा बांधला इसवी सन एक हजार छप्पन साली. तेव्हा तिथं लिआओ नावाचं राज्य होतं. उंची दोनशे वीस फूट. आपल्या रिंग रोडवरची कापडाची मार्केटं त्याच्यापुढे बुटकी. आणि खांब जमिनीत पुरलेलेच नाहीत! दगडाच्या बैठकीवर नुसते उभे आहेत, जरासे आत कलते. खांबांची दोन कडी आहेत, एकात एक. खांबाच्या डोक्यावर आडवी-उभी लाकडं एकावर एक रचलेली, ज्यांना तुम्ही पंजे म्हणता, त्यांच्यावर छपराचं सगळं ओझं. ते म्हणे चोपन्न तऱ्हेचे आहेत. तुम्ही किती तऱ्हेचे केलेत? मला तर तीनच दिसतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर तुम्ही सांगितलीच नाहीत. बाहेरून मजले पाच दिसतात, पण आत नऊ आहेत! दर दोन मजल्यांच्या मध्ये एक लपलेला मजला. त्याला खिडकी नाही, बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. तिथं तिरपे वासे मारून सगळं घट्ट केलेलं आहे आणि त्याच्याच जोरावर वरचं उभं आहे. आम्ही तुमच्या तीन मजल्यांत कुठं काही लपलेलं आहे का ते विजेरी घालून बघितलं. एक झुरळ निघालं. तुम्हाला हे ठाऊक होतं का? ठाऊक होतं तर बोलला का नाहीत, आणि नव्हतं तर एवढा रुबाब कशाचा?

राखीने आणखी एक सांगितलं ते मला आवडलं. पॅगोडा मुळात आपलाच. आपल्या स्तुपाचा अर्धगोल चीनमध्ये गेला, तिथल्या लोकांनी त्याच्याखाली मजल्यावर मजले चढवले आणि स्तूप पार शेंड्यावर जाऊन बसला, लोखंडी सळईच्या बुडाशी, अगदी बारका होऊन. आपण अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा तुम्ही त्या मोठ्या लेण्यात मान वर करून तासभर उभे राहिला होतात. दगडी छताला लाकडासारखे वासे कोरलेले. मी म्हटलं होतं, चला, बस सुटेल. तुम्ही म्हणालात, कुणी तरी सुतार होता इथं, काशी. खरंच सुटली बस. आठवतं ना?

विहाराचा स्लॅब पडला. सुकदेवने पेढे वाटले.

तुमची तब्येत कळवा. लाकडावर लिहून पाठवलीत तरी चालेल.

काशीबाई

*

नवागाम
२९ मार्च १९९८

प्रदीपच्या बाबांना जयभीम.

हे पत्र लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. राखी म्हणाली, आई, पप्पांना दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल. म्हणून लिहिते. बसून वाचा.

मी दोन दिवस प्रदीपकडे भेस्तानला गेले होते. सूनबाईला ताप होता. इकडे पावर बंदीचा दिवस होता, लूम बंद, माणसं मोकळी. सुकदेवच्या मनात आलं की चंदूकाका रुसलेत, त्यांना खूश करावं. राखीकडून किल्ली घेतली आणि खात्यातली पाच-सहा माणसं घेऊन तुमच्या पॅगोड्यावर बसला. राखीला वाटलं, झाडपूस करतील. त्यांनी काय केलं? सगळे सांधे उकलून त्यांत डब्यातला पांढरा गोंद भरला! सगळ्या कुसवांत, सगळ्या खाचांत. वर जिथं जिथं हलतं वाटलं तिथं स्क्रू मारले. मी आले तर सुकदेव दारात हसत उभा. "काकू, काका आले की बघतील. डुगडुगत होतं, एकदम पक्कं करून टाकलं!"

मला सुतारकाम कळत नाही. मलाही वाटलं, बरं झालं. हात लावला तर खरोखरच हलत नव्हतं. मी त्याला चहा पाजला.

आठवडा गेला नसेल. दुपारी मी निवडत बसले होते आणि ताडकन आवाज आला. दुसऱ्या मजल्याची तुळई उभी चिरली. मग तिच्या शेजारची. लूम ऐकायला आपल्याकडे भिंतीला कान लावावा लागत नाही, भिंतच दिवसभर थरथरते, शेल्फावरची भांडी आपोआप कडेला येतात. वर्षभर तो पॅगोडा त्या थरथरीत उभा होता, जरा कुरकुरायचा, बस्स. आवाज ऐकून सुकदेव धावत आला, त्याच्या मागोमाग खात्याचा मेहताजी रमणभाई दारात आला. म्हणाला, "काशीबेन, लूमचा नट जास्त आवळला तर काय होतं? तुटतो. थोडी चाल, हलायला जागा, तर ठेवावी लागे ने!" आणि सुकदेवकडे बघून म्हणाला, "तू तो फिटर छे, तने खबर नथी?" सुकदेव वीस वर्षं लूम बसवतोय. मशिनीला चाल ठेवायची हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. पण देवाधर्माचं काम आलं की माणसाला वाटतं, इथं पक्कं पाहिजे. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. माझा आधी भडका उडाला होता, मग मलाच कीव आली.

त्या दिवशी संध्याकाळी राखीने पुस्तक पुन्हा उघडलं. आणि बघा काय निघालं. तो चीनमधला पॅगोडा नऊशे वर्षं भूकंप खात आला. लढायांत त्याला तोफगोळे लागले. तरी उभा. कारण त्याचा सांधा जरा सरकतो, जरा वाकतो आणि परत जागेवर येतो. मग साठेक वर्षांपूर्वी त्याच गावातल्या भल्या माणसांनी ठरवलं, आपला पॅगोडा आणखी सुरेख करू. वरच्या मजल्यांवर खांबांच्या मध्ये मातीच्या जुनाट भिंती होत्या, त्या काढल्या आणि नक्षीची दारं बसवली. त्या भिंतींच्या पोटात तिरपे वासे होते, भार धरणारे, ते पण गेले. तेव्हापासून दुसरा मजला कलतोय. अहो, तिथंही दुसराच! तोफेने जे झालं नाही ते प्रेमाने झालं. सुकदेवला हे सांगितलं तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. म्हणाला, म्हणजे काकू, आपण एकटेच नाही.

आता कसं आहे ते सांगते. मी आणि मंगलाबाईने गरम पाण्याची फडकी सांध्यांना बांधली. गोंद मऊ झाला की हळूहळू हलवून सोडवलं. पहिला मजला सुटला, तिसरा सुटला. दुसऱ्याच्या दोन तुळया आणि काही पंजे गेले, ते बाजूला ठेवलेत. स्क्रू रमणभाईच्या माणसाने काढून दिले. हातांची सालं निघाली माझ्या. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही.

पण एक झालं. सांधे सोडवताना तुमचं काम मी पहिल्यांदा आतून बघितलं. खाचेच्या आत, जिथं कधी कुणाचा डोळा जाणार नाही, तिथंही तुम्ही पॉलिश कागद मारलाय. मंगलाबाई म्हणाली, "हाई कोन देखनार व्हतं?" फार वाईट वाटलं मला त्या चिरलेल्या तुळयांचं.

रागावायचं तर माझ्यावर रागवा. सुकदेवला काही लिहू नका, तो आधीच रोज येऊन पाया पडतोय.

काशीबाई

*

नवागाम
१९ एप्रिल १९९८

प्रदीपच्या बाबांना जयभीम.

तुम्ही जिंकलात. अभिनंदन.

काल मीटिंग झाली. सुकदेवने ठराव मांडला की चंदूकाकांचा अपमान झाला, त्यांच्या कामाचं नुकसानही आपल्याच हाताने झालं, म्हणून गच्चीवर खोली रद्द, पॅगोडाच बसवायचा. काकांना तार करायची. सगळ्यांना पटलं. बायकांनासुद्धा पटलं. मंगलाबाई माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती, तिचा हात तर सगळ्यांच्या आधी वर. मला कोपराने ढोसून म्हणते, "आते तरी व्हय म्हन वं, घर येई तो!"

मग सुकदेवने विचारलं, विरोधात कुणी आहे का? सगळे माझ्याकडे बघायला लागले, हसत होते. त्यांना वाटलं, आता काकू कशाला विरोध करतील?

मी हात वर केला. एकटीने.

सुकदेव म्हणाला, काकू, अहो ते परत येतील! मी म्हटलं, मला ऐकू येतं. पण नवरा परत यावा म्हणून मी चाळीस पोरांची खोली देऊ का? ती माझी आहे का द्यायला? ठराव पास झाला. मी घरी आले आणि पुष्कळ रडले. हे राखी तुम्हाला सांगेलच, म्हणून मीच सांगते.

आता नीट बोलते. पहिल्या पत्रात लिहिलं की बोलवत नाही, ते खोटं होतं. तुमच्यावाचून मला करमत नाही. पहाटे रंध्याचा आवाज नसला तर मला जागच येत नाही, राखीच्या कॉलेजला दोनदा उशीर झाला. तुम्ही या. पॅगोडा गच्चीवर चढवायला या, पोरं हार घेऊन स्टेशनवर येतील. मी पण येईन. त्याच्यापुढे हात जोडीन, कारण तो तुम्ही केलाय आणि चांगला केलाय. पण मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, इथं खोली पाहिजे होती. तुमच्या तोंडावर म्हणेन, दर पौर्णिमेला म्हणेन. एवढं ऐकून घ्यायची तयारी असेल तर या. नसेल तर तिकडेच बरे.

एक मात्र मनाला लागून राहिलंय, तेही सांगून टाकते. तुम्ही त्या पॅगोड्याला हात घातलात तेव्हा पोरांना विचारलं नाहीत ते सोडा, मला एकदा तरी विचारायचं होतं. काशी, असं असं करतोय, तुला काय वाटतं? एवढंच. मी कदाचित नाहीच म्हणाले असते. पण मग मीटिंगमध्ये हात वर करायची पाळी आली नसती. जे भांडण व्हायचं ते घरात झालं असतं.

उन्हाचं फिरू नका. टोपी घाला.

काशी

*

मु. पो. मांडळ, ता. अमळनेर
२६ एप्रिल १९९८

सौ. काशीस, जयभीम.

पत्रं चारही मिळाली. मला लिहिता येत नाही फार, तुला ठाऊक आहे.

नऊ मजल्यांचं विचारलं होतंस. नव्हतं ठाऊक. फोटोत पाच दिसले, मी पाच धरले. राखीला सांग, पुस्तक परत करू नको, मला बघायचंय.

तुळया चिरल्याचं वाचलं. त्या दिवशी जेवलो नाही. मग दुसऱ्या दिवशी जेवलो. सुकदेवला पाया पडू नको म्हणावं, उगाच.

सुकदेवची तार आली. सुपडूने गावभर दाखवली. इथं मला सगळे मानतात. मी काही बोललो की सुपडू हो म्हणतो, त्याची बायको हो म्हणते, पारावरचे म्हातारे हो म्हणतात. नवे पंजे केले, त्यातला एक मुद्दाम वाकडा केला आणि दाखवला. सगळे म्हणाले, वा मिस्तरी. तीन महिने झाले, 'हे चुकतंय' असं कुणी म्हणालेलं नाही. काशी, फार कंटाळा आला आहे.

सुकदेवला वेगळं कार्ड टाकलं आहे. ठराव रद्द कर म्हणून. गच्चीवर खोलीच होऊ दे. तू म्हणालीस म्हणून नाही. एकटी असून हात वर केलास म्हणून. माझं मत तेच आहे, विहाराला माथा पाहिजे. पण पॅगोडा मी घरात पुरा करीन. आता नऊ करायचे तर वेळ लागेल. लागू दे. खोली अडते म्हणून तू बोलशील, ते बोल.

निंबाचं लाकूड वरच्या दोन मजल्यांसाठी वाळवून ठेवलं होतं. ते बरोबर आणतोय. त्याची पोरांना डेस्कं होतील. शनिवारच्या पॅसेंजरने निघेन. स्टेशनवर हारबीर नको.

पोरं खाली मांडी घालून बसणार, की बाकावर? त्यावर उंची ठरते. मला वाटतं खालीच बसावीत. पण तुला काय वाटतं ते आधी कळव. तोवर मी लाकडाला करवत लावत नाही.

चंदू